त्यांच्या पश्चात...

माणूस गेल्याची बातमी मराठी पेपरात कशी संपते, हे तुम्हाला पाठ असेल. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे.' पूर्णविराम. गेलेला माणूस खेळाडू असेल तर या ओळीच्या आधी त्याची पदकं येतात, गाजलेल्या लढती येतात. दुसऱ्या दिवशी क्रीडा पानावर एखादा स्तंभलेखक मोठा लेख लिहितो. त्यात काळाने घाला घातलेला असतो, आधारवड हरपलेला असतो आणि घरच्यांवर दुःखाचा डोंगर कोसळलेला असतो. डोंगर एकदा कोसळला की लेख संपतो. त्याखाली सापडलेल्या माणसांचं पुढे काय झालं, ते विचारायला सहसा कुणी परत जात नाही.

हे तुम्हाला सांगण्याचं कारण आहे. तुमच्यातले बरेच जण आता स्वतःच लिहितात. कुणी पत्रकारितेच्या कोर्सला आहे, कुणी कॉलेजच्या नियतकालिकात आहे, कुणाचं इन्स्टावर तालुक्याच्या खेळाडूंचं पेज आहे. आणि बीडमधून लिहायला आता विषय कमी नाहीत. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, पाटोद्याचा राहुल आवारे, बीड शहरातला सचिन धस. मागच्या पिढीला जिल्ह्याबाहेरचे खेळाडू शोधावे लागायचे, तुम्हाला नाही. जिथे खेळाडू आहेत, तिथे कधीतरी त्यांच्या जाण्याची बातमीही लिहावी लागते. पहाटे भरतीसाठी रस्त्यावर पळणाऱ्या पोरांना वाहनाने उडवल्याच्या बातम्या तर आपण वाचतोच.

आधी माझं स्वतःचं सांगतो. मी नवा होतो, तालुक्याच्या बातम्या द्यायचो. जत्रेतली कुस्ती मारून परतताना मोटारसायकलच्या अपघातात एक पोरगा गेला होता. मी त्याच्या घरी गेलो. आई पडवीत भिंतीला टेकून बसली होती. मी तोच प्रश्न विचारला, जो कुणीच विचारू नये: 'काय वाटतंय?' तिने माझ्याकडे पाहिलं आणि उलट मलाच विचारलं, 'पीककर्ज उचललं होतं, ते सगळं त्याच्या खुराकात गेलं. आता ते कोणी फेडायचं, साहेब?' ती रडत नव्हती. मी बातमीत लिहिलं, 'मातेने फोडलेला टाहो पाहून उपस्थितांचे डोळे पाणावले.' बातमी चांगली लागली, चौकटीत. कर्जाचा प्रश्न माझ्या वहीत राहिला.

खुराक म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात पैलवान आहे त्यांना सांगायला नको. दूध, तूप, बदाम, अंडी, थंडाई. पोरगा तालमीत असतो, घरातले बाकीचे सगळे त्याच्या ताटासाठी राबत असतात. कुस्ती एकटा लढतो, खर्च अख्खं घर करतं. म्हणून पैलवान गेला की घरात दुःखाबरोबर हिशेबही मागे राहतो. आपल्या लेखांत दुःखाला जागा मिळते, हिशेबाला मिळत नाही. दुःखावर लिहिणं सोपं असतं, म्हणून असेल.

आता सगळ्यात मोठं उदाहरण घेऊ. खाशाबा जाधव. कराडजवळचं गोळेश्वर हे त्यांचं गाव. जन्म 15 जानेवारी 1926 चा. 1952 साली हेलसिंकीला त्यांनी फ्रीस्टाईल कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं, लिअँडर पेस. खाशाबा 1955 मध्ये पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले, 1983 ला सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ता अपघातात गेले.

त्यांच्यावरचे लेख काढून वाचा. पाच वाचलेत तर सहावा तुम्ही स्वतः लिहू शकाल. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून पैसे उभे केले, तो प्रसंग असतो. पदक घेऊन आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ती असते. मग उपेक्षा. हयातीत पद्म पुरस्कार नाही, अर्जुन पुरस्कारही थेट 2000 सालचा, मरणोत्तर. आणि शेवटी एक उसासा: असा हा उपेक्षित महावीर. प्रसंग सगळे खरे आहेत आणि ते पुन्हा पुन्हा सांगायलाही हरकत नाही. पण या लेखांत त्यांची पत्नी कुसुमताई कुठे आहेत? 1984 नंतरची वर्षं त्यांनी कशी काढली? निवृत्तिवेतनाचं काय झालं? बहुतेक लेखांत त्या एका वाक्यात येतात, 'कुटुंबीयांना हलाखीत दिवस काढावे लागले'. हलाखी हा शब्द फार सोयीचा आहे. किती पैसे, कुणाकडून यायचे होते, कुठल्या टेबलावर अडले, हे काहीही न शोधता तो लिहिता येतो.

2009 साली तत्कालीन क्रीडामंत्र्यांनी गोळेश्वरला खाशाबांच्या नावाने राष्ट्रीय दर्जाची कुस्ती अकादमी उभारण्याची घोषणा केली. 2013 च्या डिसेंबरमध्ये त्यासाठी 1 कोटी 58 लाख रुपये मंजूर झाल्याचं छापून आलं. त्यानंतर खर्चाचा अंदाज वाढला आणि काम रखडलं. 2017 मध्ये खाशाबांचे चिरंजीव रणजित जाधव यांनी जाहीर केलं, की आता आम्ही वडिलांचं पदक लिलावात काढू आणि त्या पैशातून अकादमी बांधू. बातमी देशभर गेली. परदेशातही गेली. आणि तिचा सूर काय होता? पहिल्या ऑलिम्पिकवीराच्या कुटुंबावर पदक विकायची वेळ!

इथे जरा थांबा. 'पदक विकायची वेळ' हे वाक्य वाचल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? घरात धान्य नाही, मुलगा बापाचं पदक घेऊन सराफाकडे निघालाय. प्रत्यक्षात ते कुटुंब सरकारला एक सरळ प्रश्न विचारत होतं. आठ वर्षांपूर्वी दिलेला शब्द कुठे आहे? लिलाव ही त्यांची धमकी म्हणा, डाव म्हणा. कुस्तीवाल्यांच्या घरात डाव टाकता येतोच. पण आपण त्या डावाचं गाऱ्हाणं केलं. प्रश्न सरकारला होता, दया मात्र कुटुंबाच्या पदरात टाकली आणि ज्याला उत्तर द्यायचं होतं तो बातमीतून अलगद निसटला. दयेच्या बातमीत कुणी जबाबदार नसतं. नशीब जबाबदार असतं.

मग 2023 च्या 15 जानेवारीला गुगलने खाशाबांचं डूडल केलं. राज्य सरकारने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून ठरवला. 1 ऑगस्ट 2024 ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं आणि '72 वर्षांनी' हा आकडा सगळ्या मथळ्यांत आला. पुन्हा खाशाबांवर लेख, पुन्हा गहाण घर, पुन्हा बैलगाड्या. कुटुंबाकडे आपण जातो ते असं, पंचांग बघून. जयंती, पुण्यतिथी, ऑलिम्पिक. अधल्यामधल्या दिवसांत ते लोक अर्ज करत असतात, मंत्रालयात खेटे घालत असतात. ते कुणाच्या लेखात येत नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. क्रिकेट बघणाऱ्यांना फिलिप ह्यूज आठवत असेल. 25 नोव्हेंबर 2014, सिडनी. बाउन्सर मानेवर लागला, दोन दिवसांनी तो गेला. त्याची आई आणि बहीण त्या वेळी मैदानात सामना बघत होत्या. जगभरच्या स्तंभलेखकांनी त्याच्यावर लिहिलं, दाराबाहेर बॅट ठेवल्याचे फोटो आले, '63 नाबाद' हा आकडा कायमचा त्याच्या नावापुढे लागला. फार हृदयस्पर्शी होतं ते, त्यात खोटं काही नव्हतं. मग 2016 च्या ऑक्टोबरमध्ये मृत्यूची न्यायालयीन चौकशी झाली. तिथे ह्यूजच्या घरच्यांनी प्रश्न विचारले. त्या दिवशी त्याला मुद्दाम आखूड चेंडूंनी लक्ष्य केलं होतं का? मैदानावर त्याला काय बोललं गेलं? खेळाडूंच्या उत्तरांनी त्यांचं समाधान झालं नाही आणि शेवटच्या दिवशी ते उठून निघून गेले. अहवालात कुणालाही दोषी धरलं गेलं नाही.

चौकशी अधिकाऱ्याने पुरावे बघून निष्कर्ष काढला, तो त्याच्या जागी. मला बोलायचंय ते लिखाणाच्या सुराबद्दल. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्यासाठी सगळे हळहळत होते, त्यांनीच तोंड उघडल्यावर हवा बदलली. बिचाऱ्या खेळाडूंना परत त्या दिवसातून कशाला न्यायचं, असा सूरही उमटला. म्हणजे कुटुंबाने रडावं, पुतळ्याच्या अनावरणाला यावं, पुरस्कार घ्यायला स्टेजवर यावं. प्रश्न विचारला की ते एकदम 'नाराज कुटुंब' होतं. गोळेश्वर आणि सिडनी, दोन्हीकडे हेच. रडणाऱ्या घराच्या बाजूने लिहायला धाडस लागत नाही. विचारणाऱ्या घराच्या बाजूने लिहायचं तर आधी त्यांचा प्रश्न समजून घ्यावा लागतो, कागद मागवावे लागतात, आणि ज्यांच्याशी आपली रोजची ऊठबस असते अशा खेळाडूंना, संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना थोडं दुखवावं लागतं.

दिओगो जोटाचं बघा, हे तर अलीकडचं. 3 जुलै 2025 ला स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात तो गेला. लग्नाला अकरा दिवस झाले होते. 'अकरा दिवस' हा तपशील इतका जबरदस्त होता, की लेखामागून लेख त्याच्यावरच उभे राहिले. त्याच गाडीत त्याचा भाऊ आंद्रे सिल्व्हाही होता. तोही फुटबॉलपटू, पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीतल्या पेनाफिएल क्लबचा, वय 25. एका आईबापाची दोन मुलं एका रात्रीत गेली. पण आंद्रे बहुतेक ठिकाणी 'आणि त्याचा भाऊ' एवढाच आला. तुम्ही त्या दिवशी स्टेटस ठेवलं असेल तर आठवून बघा, त्यात आंद्रेचं नाव होतं का? माझ्याही नव्हतं.

आणि फोटो. कोबी ब्रायंट 26 जानेवारी 2020 ला हेलिकॉप्टर कोसळून गेला, सोबत तेरा वर्षांची मुलगी जियाना. घरच्यांना पोलिसांनी अधिकृतपणे कळवण्याआधीच एका मनोरंजन वेबसाइटने ही बातमी फोडली आणि तिथल्या पोलीस प्रमुखांनी त्यावर जाहीर नाराजी व्यक्त केली. पण त्यांच्याच खात्यातल्या काही जणांनी आणि अग्निशमन दलातल्या काहींनी अपघातस्थळाचे, मृतदेहांचे फोटो काढून एकमेकांना दाखवले होते. व्हनेसा ब्रायंट कोर्टात गेली. 2022 च्या ऑगस्टमध्ये ज्युरीने तिला 1 कोटी 60 लाख डॉलर भरपाई दिली. मधल्या काळात कॅलिफोर्नियाने कायदाही केला, मदतीला धावलेल्या कर्मचाऱ्याने कामाव्यतिरिक्त मृतांचे फोटो काढले तर तो गुन्हा.

लॉस एंजेलिस लांब आहे. मस्साजोग लांब नाही. संतोष देशमुख खेळाडू नव्हते, सरपंच होते, आणि तो खून होता, अपघात नव्हे. तरी इथे तो विषय टाळता येत नाही. 2025 च्या मार्चमध्ये त्या प्रकरणातले फोटो बाहेर आले आणि काही तासांत जिल्ह्यातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर पोचले. काहींनी ते संतापाने पुढे पाठवले, न्याय मिळावा म्हणून पाठवले. त्या फोटोंनी राज्य हललं, हेही खरं. पण ते फोटो त्या घरातल्या लेकरांच्या फोनवरही पोचू शकत होते, हा विचार पुढे ढकलताना आपल्यातल्या किती जणांच्या मनात आला? याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एवढंच कळतं, की छापायचं की नाही हे ठरवणारा संपादक आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

सगळंच वाईट लिहिलं जातं असंही नाही. 2018 मध्ये राहुल आवारेने गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 57 किलो गटात सुवर्ण जिंकलं आणि ते आपले गुरू, रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार यांना अर्पण केलं. वस्ताद 2011 मध्येच गेले होते. त्या वेळचे काही लेख मला फार आवडले. त्यांत बिराजदार 'दिवंगत' म्हणून हळहळ वाटून घ्यायला आले नव्हते. लातूर जिल्ह्यातून आलेला हा माणूस, त्याने पाटोद्याच्या पोराला काय शिकवलं, हे त्यात होतं. तालमीत वस्ताद आणि पठ्ठा हेही एक घरच असतं. 'पश्चात'च्या यादीत पठ्ठ्याचं नाव येत नाही, ते त्या लेखांत आलं.

अविनाश साबळेच्या बाबतीत मला मात्र काळजी वाटते. म्हणजे त्याला उदंड आयुष्य लाभो, पण त्याच्या आईवडिलांवरचं वाक्य आपण आत्ताच कायमचं करून टाकलंय: 'वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचा मुलगा'. त्याचा 3000 मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम आता 8 मिनिटं 9.91 सेकंदांवर आलाय, 2018 पासून त्याने तो पुन्हा पुन्हा मोडलाय. लेखातली वीटभट्टी मात्र जागची हललेली नाही. जिवंतपणी ज्या घराला आपण एका विशेषणात कोंबतो, ते घर उद्या त्याच विशेषणाने ओळखलं जातं.

तर उद्या तुमच्यावर असा लेख लिहायची वेळ आली, तर काय कराल? पहिल्या दिवशी कमी लिहा. खरंच. खेळाबद्दल लिहा, त्याने काय केलं ते नेमकं लिहा. घरच्यांकडे जायचंच असेल तर कॅमेरा पिशवीत ठेवून जा. बोलायचं नाही म्हणाले तर चहा घेऊन परत या. आईचं, बायकोचं, बहिणीचं नाव त्यांना विचारून लिहा, 'वीरमाता' किंवा 'विधवा' लिहून मोकळे होऊ नका. आणि मग तीन महिन्यांनी परत जा. तेव्हा तिथे कुणी गेलेलं नसतं. तेव्हा विचारायचे प्रश्न वेगळे असतात. विमा होता का? संघटनेने जाहीर केलेला धनादेश आला का? मानधन सुरू होतं, ते त्याच्याबरोबर थांबलं की पत्नीच्या नावावर झालं? केंद्र सरकारचा खेळाडूंसाठी कल्याण निधी आहे, 1982 पासून, आता पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाने चालतो. हलाखीतल्या खेळाडूंना आणि त्यांच्या कुटुंबांनाही त्यातून मदत मिळू शकते. हे त्या घरात कुणी सांगितलंय का? जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन अर्ज कसा करायचा ते विचारा आणि उत्तर लेखात छापा. तेवढी चार ओळींची चौकट तुमच्या सगळ्या विशेषणांपेक्षा त्या घराच्या जास्त उपयोगाची.

मी तीन महिन्यांनी नाही, सात महिन्यांनी गेलो होतो. तेही त्या वाटेने दुसऱ्या कामाला जात होतो म्हणून. दाराला कुलूप होतं. पडवीत पोराचा मोठा फ्लेक्स भिंतीला उभा करून ठेवला होता, 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली गावातल्या वीस-पंचवीस जणांचे फोटो. शेजारच्या बाईंनी सांगितलं, दोघं नवराबायको दिवाळी झाल्यावर कोयता घेऊन गेले. मुकादमाकडून उचल घेतली, त्यातून सोसायटीचं भरलं. मी विचारलं, कुठल्या कारखान्याला? त्यांना नीट माहीत नव्हतं. कराडच्या बाजूला, म्हणाल्या.